मधला थांबा: रोबोच्या आर्मसाठी जोडसिलिंडर

२ सप्टेंबर

स्पर्धेच्या रोबोच्या आर्मला (पेटी उचलून फळीवर ठेवणाऱ्या हाताला) तीन उंच्या हव्यात: जमीन, खालची फळी, वरची फळी. सरावासाठी प्लायच्या फळ्या २०० आणि ६०० मिमीवर ठोकून घेतल्या. पेटी साधारण किलोभराची.

मोटर की हवा, यावर सगळी दुपार गेली. मोटरवाल्यांचं म्हणणं, लीड स्क्रू (मोटरने फिरणारा लांब आट्यांचा दांडा) लावा, एन्कोडर (फेऱ्या मोजणारा) लावा, तीनच काय, तीस उंच्या मिळतील. खरंय. पण चाकांच्या चार मोटरी आधीच बॅटरीचा जीव खातायत. त्यात पाचवी मोटर, तिचा ड्रायव्हर, तिचं ट्यूनिंग. शिवाय आपल्या बजेटमधला लीड स्क्रू ६०० मिमी चढेपर्यंत समोरचा संघ पेटी ठेवून परत आलेला असतो. हवेचा सिलिंडर, म्हणजे नळीतला पिस्टन हवेच्या दाबाने रॉड बाहेर ढकलतो तो, पापणी लवायच्या आत वर जातो. अडचण एवढीच की त्याला दोनच जागा ठाऊक, आत आणि बाहेर. मधली जागा आपल्याला तयार करावी लागणार.

चहाच्या वेळी सरांनी २००८ चा विषय काढला. त्या वर्षी एबीयू रोबोकॉन ही कॉलेजच्या रोबोंची आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली होती आणि थीम होती गोविंदा. म्हणजे चक्क दहीहंडी, रोबोंची. मुंबईच्या पोरांना उंचीचं गणित जमलं नाही तर कुणाला जमणार, असं म्हणून सर गेले. गणित आमच्यावर ठेवून.

ठरलं: हवा. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे ६ बारच्या वर जायचं नाही (६०० किलोपास्कल). हवा साठवायच्या बाटल्यांत ६, रेग्युलेटरनंतर (तो दाब उतरवून एका आकड्यावर ठेवतो) ४.

५ सप्टेंबर

सगळ्यात स्वस्त उपाय आधी. कपाटात एक ५/३ व्हॉल्व्ह (पाच तोंडं, तीन स्थिती) पडून होता, मधल्या स्थितीत सगळे पोर्ट बंद करणारा. आर्म वर जात असताना व्हॉल्व्ह मधे आणायचा, दोन्ही बाजूंची हवा कोंडली जाते, रॉड तिथेच थांबतो. कागदावर.

प्रत्यक्षात दोन गोष्टी झाल्या. पहिली, थांबायची जागा दर वेळी वेगळी. रॉड सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने जात असेल आणि व्हॉल्व्ह बंद व्हायला २० मिलिसेकंद इकडचे तिकडे झाले, तर रॉडवर १० मिमीचा फरक पडतो. आमचा आर्म सिलिंडरच्या चालीची साधारण चौपट करतो, म्हणजे टोकाला ४० मिमी. बॅटरी उतरली की व्हॉल्व्ह हलवणारी कॉइल आळसावते, बाटलीतला दाब उतरला की रॉडचा वेग बदलतो. कोडमध्ये कितीही वेळ मोजा, जमिनीवरची फळी हलत नाही आणि आर्मची उंची हलत राहते.

दुसरी गोष्ट जास्त शिकवणारी. कोंडलेली हवा म्हणजे फुगवलेली उशी. ३२ मिमी बोअर (आतला व्यास), १०० मिमी स्ट्रोक (रॉडची चाल), रॉड अर्ध्यावर, आत ४ बार: हिशेब केला तर या उशीचा ताठपणा मिलिमीटरला साधारण १५ न्यूटन येतो. पेटी सोडली की सिलिंडरवरचा ४० न्यूटन भार एकदम जातो, रॉड पावणेतीन मिमी उडी मारतो, टोक ११ मिमी. ट्यूबमधली हवा धरली तर याहून जास्त. पेटी ठेवल्या क्षणी आर्म वर उसळतो आणि ग्रिपर (पेटी धरणारा पंजा) पेटीला कड मारून तिरकी करतो. सरळ म्हणावी की वाकडी म्हणावी अशी ठेवलेली पेटी पंच मोजणार नाहीत.

६ सप्टेंबर

व्हॉल्व्ह मधल्या स्थितीत, आर्म अर्ध्यावर ठेवून सगळे लेक्चरला गेलो. परत आलो तर आर्म जमिनीला. सील आणि फिटिंगमधून हवा झिरपतच असते, दोष कुणाचा नाही. ५/३ चा विषय संपला. मधला थांबा धातूला धातू भिडूनच मिळायला हवा.

१३ सप्टेंबर

मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीट. पावसाची भुरभुर, हातगाड्या, ओल्या गोणपाटांवर बेअरिंगचे खोके. आमच्या नेहमीच्या दुकानातल्या शेठला सांगितलं, तीन जागांचा सिलिंडर हवा. शेठ म्हणाले, “असला माल कॅटलॉगमधून मागवावा लागतो, बाबा. दोन साधे घे, पाठीला पाठ लाव.”

शेठ बरोबर आहेत. कॅटलॉगमध्ये दोन जातीचे मिळतात. एक पाठीला पाठ, म्हणजे दोन सिलिंडरांच्या मागच्या बाजू जोडलेल्या आणि रॉड दोन्ही टोकांना. एक रॉड फ्रेमला, दुसरा आर्मला. दुसरी जात एकामागे एक: एकाच नळीच्या रांगेत दोन पिस्टन, मागच्याचा रॉड पुढच्या पिस्टनला नुसता ढकलतो, त्याला जोडलेला नसतो. फेस्टो कंपनीच्या एडीएनएम मालिकेत या दुसऱ्या पद्धतीचे अनेक जागांचे सिलिंडर आहेत. कारखान्यात ठीक, कॉलेजच्या पावतीवर नाही.

घेतलं ते असं: ३२ बोअरचे दोन सिलिंडर, स्ट्रोक ५० आणि १००. रॉड १२ मिमी. दोन ५/२ व्हॉल्व्ह (पाच तोंडं, दोन स्थिती), ६ मिमी पीयू ट्यूब (प्लॅस्टिकची नळी), पुश फिटिंग, चार फ्लो कंट्रोल (हवेचा वेग आवळणारे). परतीच्या लोकलमध्ये एका काकांनी पिशवीतून डोकावणारा सिलिंडर बघून विचारलं, सायकलचा पंप का? हो म्हटलं.

१९ सप्टेंबर

लेथवाल्या काकांनी १० मिमी ॲल्युमिनियमची पट्टी कापून चार भोकं पाडून दिली. दोन्ही सिलिंडरांची मागची झाकणं तिला बोल्टने. दिसायला लांबलचक झालंय: आयएसओ १५५५२ मानकाच्या मापाचे सिलिंडर असल्यामुळे दोघं मिटलेले असताना रॉडसकट साधारण ४०० मिमी. कॉम्पॅक्ट जातीचे घेतले असते तर बॉडीच शंभर मिमी वाचली असती. फ्रेममध्ये तिरपं बसवून जागा काढली.

५० आणि १०० असे वेगवेगळे स्ट्रोक मुद्दाम. सारखे घेतले तर तीनच जागा मिळतात, वेगळे घेतले तर चार: ०, ५०, १००, १५०.

पहिल्याच चाचणीत दिसलं की या मांडणीत बॉडी स्वतः हलते. दोन्ही टोकांना पिन, मधे दीड वीत लांबीचं वजन, तेही १२ मिमीच्या रॉडवर बाहेर लोंबणारं. दोन्ही रॉड बाहेर आले की जोडाशी पोक येतो आणि रॉडच्या बुशवर आडवा जोर बसतो. सील असेच मरतात. उपाय फर्निचरवाल्याकडे: ड्रॉवरचं टेलिस्कोपिक चॅनेल. एक पट्टी फ्रेमला, दुसरी जोडपट्टीला. बॉडी आता सरळ रेषेत सरकते. ट्यूबला सरकायला ढील ठेवली, नाहीतर ती फिटिंगमधून उपटून येते.

२४ सप्टेंबर

पाऊस. कंप्रेसरच्या टाकीचा खालचा कॉक उघडला तर तपकिरी पाणी. नवीन पोरं घाबरली, टाकी फुटली की काय. मुंबईत हे होणारच. ३० अंशांना पूर्ण ओली हवा घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम वाफ धरते, आज दमटपणा ८० टक्क्यांच्या आसपास म्हणजे २४ ग्रॅम. तीच हवा सातपट दाबली की तिच्या वाट्याला एक सप्तमांश जागा उरते आणि तेवढ्या जागेत चार-साडेचार ग्रॅमच राहू शकतात. उरलेले २० ग्रॅम पाणी. पन्नास लिटरची टाकी शून्यापासून ६ बारपर्यंत भरताना बाहेरची ३०० लिटर हवा आत जाते, म्हणजे चहाचा चमचाभर पाणी दर भरणीला. ते व्हॉल्व्हच्या स्पूलपर्यंत (आत सरकणाऱ्या दांड्यापर्यंत) गेलं की ग्रीस धुतलं जातं आणि व्हॉल्व्ह अडकतो. रोज सकाळी कॉक उघडायचा, भरायच्या नळीवर पाणी वेगळं करणारा फिल्टर लावायचा. जो आधी येईल त्याने. फळ्यावर लिहिलंय.

४ ऑक्टोबर

आज गंमत झाली. कोडवाली म्हणाली, चार जागा आहेत तर चारही वापरू, ५० वरून १०० वर जाऊन बघू. बटण दाबलं, आर्म आधी खाली आपटल्यासारखा झुकला आणि मग वर गेला. दुसऱ्या खेपेला उलट: आधी थेट वर उसळला, मग खाली आला.

५० म्हणजे छोटा बाहेर, मोठा आत. १०० म्हणजे छोटा आत, मोठा बाहेर. एका पायरीसाठी दोघांना एकाच वेळी उलटं व्हायचंय. छोटा आधी मिटला तर वाटेत ० लागतं, मोठा आधी उघडला तर १५०. कोण आधी, हे त्या क्षणी कुठल्या ट्यूबमध्ये किती दाब आहे त्यावर. इलेक्ट्रॉनिक्सवाले हसले, बायनरी काउंटरमध्ये ०१ वरून १० वर जाताना हेच होतं म्हणे, त्यांच्याकडे ते नॅनोसेकंदात संपतं. आपल्याकडे किलोभराची पेटी हवेत असते.

फ्लो कंट्रोल पिळून क्रम लावता येईल, पण स्पर्धेच्या दिवशी दाब बदलला की क्रमही बदलणार. त्यापेक्षा १०० ची जागा सोडूनच द्यायची. ०, मग छोटा बाहेर ५०, मग मोठाही बाहेर १५०. प्रत्येक पायरीला एकच व्हॉल्व्ह बदलतो. ५० आणि १५० ला चौपट केलं की २०० आणि ६०० च्या फळ्या येतात, बाकी चार-दोन मिमीचा फरक पिनच्या भोकांनी. चौथी जागा फुकट मिळतेय म्हणून वापरायलाच पाहिजे असं नाही. कोडवालीने तोंड वाकडं करून ती ओळ कमेंट करून बंद ठेवली, पुसली नाही.

११ ऑक्टोबर

गेल्या वर्षी पास झालेला एक दादा पॅकेजिंग मशीनमधून निघालेला एकामागे एक जातीचा सिलिंडर घेऊन आला. तेच ३२ बोअर, जागा ०, ५०, १५०. हातात घेतला आणि सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं: बॉडी हलत नाही, चॅनेल नको, ट्यूब जागच्या जागी.

आर्मला लावला. वर झकास जातो, पूर्ण खाली झकास येतो. मधे मात्र राहीना. पेटी सोडा, रिकामा आर्मसुद्धा मधल्या जागेवरून बसत बसत खाली. व्हॉल्व्ह तपासले, ट्यूब अदलाबदल करून बघितल्या, सील गळतंय का म्हणून साबणाचं पाणी लावलं. सगळं ठणठणीत.

१२ ऑक्टोबर

कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर उलगडलं. ३२ मिमी पिस्टनचं क्षेत्रफळ ८०४ चौमिमी. रॉडच्या बाजूला १२ मिमी रॉडने ११३ खाल्ले, उरले ६९१. ४ बारला मागचा पिस्टन ३२२ न्यूटनने पुढे रेटतो. मधल्या जागेसाठी पुढचा पिस्टन मागे ओढून ठेवायचा, तर तो २७६ न्यूटनने मागच्याच्याच रॉडवर येऊन बसतो. दोघांची रस्सीखेच आणि शिल्लक ४५ न्यूटन. रिकाम्या आर्मचा भारच सिलिंडरपाशी ६० आहे, पेटीसकट १००. राहणार कसा!

दाब वाढवून फारसं काही होत नाही, दोन्ही बाजू एकाच प्रमाणात वाढतात. ६ बारलासुद्धा शिल्लक ६८. आमच्या पाठीला पाठ जोडणीत ही भानगड नाही, कारण मिटलेल्या सिलिंडरचा जोर त्याच्याच बॉडीत जिरतो, शेजाऱ्याला त्याची झळ लागत नाही. तिथे मधल्या जागी भार पेलायला मागच्याचे पूर्ण ३२२ मिळतात.

उपाय दोन सुचले. एक, मधल्या जागी पुढच्या पिस्टनच्या दोन्ही बाजू मोकळ्या सोडायच्या, आर्मच्या वजनानेच तो मागच्या रॉडवर बसून राहील. चालतं, पण रोबो उंबऱ्यावर आदळला की आर्म वर उडतो, त्याला खाली धरणारं कुणी नाही. दुसरा जास्त पटला: पुढच्या पिस्टनच्या मागे ओढणाऱ्या बाजूला फक्त २ बार द्यायचे. मग ओढ १३८, रेटा ३२२, शिल्लक १८४. शंभर न्यूटन आरामात. खाली येताना आर्मचं वजन मदतीला आहेच, आणि हवाही वाचते.

२ बार द्यायचे कसे, यावर फर्स्ट इयरची एक मुलगी बोलली. शाळेत असताना एफआरसी (शाळकरी मुलांची रोबो स्पर्धा) खेळलेली, त्यामुळे तिच्या तोंडी कायम पीएसआय, म्हणजे पौंड-इंचातला दाब: तिकडे टाकीत १२० आणि कामाला ६०. (६० पीएसआय म्हणजे ४.१ बार, आमच्या ४ ला खेटूनच.) तिचं म्हणणं, ५/२ व्हॉल्व्ह उलटा भरू: एक्झॉस्टच्या दोन तोंडांतून दोन वेगळे दाब आत द्यायचे आणि हवा १ नंबरच्या तोंडातून बाहेर सोडायची. डोकं चांगलं आहे. पण आमचे व्हॉल्व्ह पायलटचे, म्हणजे कॉइल थोडी हवा सोडते आणि ती हवा स्पूल हलवते, आणि पायलटची हवा आतल्या आत १ नंबरवरूनच घेतात. तिथे दाब नसला तर कॉइल टिक करेल, स्पूल हलणार नाही. बाहेरून पायलट देता येणारे व्हॉल्व्ह असते तर तिचंच केलं असतं. शेवटी व्हॉल्व्ह आणि सिलिंडरच्या मधे छोटा रेग्युलेटर, आणि त्याला समांतर एक चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने हवा जाऊ देणारा), म्हणजे परतीची हवा अडत नाही. संध्याकाळी आर्म पेटी घेऊन मधे उभा राहिला. हाताने दाबून पाहिलं, खटकन जागेवर.

२० नोव्हेंबर

परीक्षा, दिवाळी, सगळं उरकलं. आज हवेचं अंदाजपत्रक.

दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या तीन बाटल्या. बाटली ६ वरून ४ बारपर्यंत उतरली की बाहेरच्या मापाने ४ लिटर हवा देते, तिन्ही मिळून १२. ४ च्या खाली रेग्युलेटर काही करू शकत नाही, आर्म मलूल होतो. पूर्ण १५० मिमी जाऊन परत यायला २२४ घनसेमी, ४ बारला म्हणजे बाहेरची १.१ लिटर. दहा फेऱ्या. पण ट्यूब विसरून चालत नाही: ६ मिमी ट्यूबचं आतलं भोक ४ मिमी, मीटरला साडेबारा घनसेमी. चार तोंडांना एकेक मीटर म्हणजे ५० घनसेमी दर फेरीला नुसती नळी भरण्यात. दहाच्या नऊ झाल्या. व्हॉल्व्ह रोबोच्या मागून उचलून सिलिंडरच्या बगलेत आणले, ट्यूब वीतभर. खालच्या फळीला फक्त छोटा सिलिंडर लागतो, त्याला यातली तिसरा हिस्सा हवा पुरते. मधल्या थांब्याचा हा फायदा कुणाच्या डोक्यातच नव्हता.

बाटल्यांचे नियम पुन्हा एकदा, नव्यांसाठी. आधी पाणी भरून दाबाची चाचणी, कारण पाण्याने भरलेली बाटली फुटली तर फक्त भिजायला होतं. ओरखडा, दुमड, पांढरा डाग दिसला की कचऱ्यात. बुचावर मार्करने तारीख. भरताना चष्मा. घाईत भरलेली बाटली कोमट होते आणि थंड झाली की काटा खाली येतो, तेव्हा दहा मिनिटांनी पुन्हा बघायचं.

२२ नोव्हेंबर

सकाळची पहिली चाल दर वेळी दणका देते. आज कारण सापडलं. फ्लो कंट्रोल आपण बाहेर जाणाऱ्या हवेवर लावलेत. रात्रभर हवा सोडलेल्या सिलिंडरमध्ये अडवायला हवाच नसते, त्यामुळे पहिला स्ट्रोक सुसाट. मुख्य लाइनवर सॉफ्ट स्टार्ट (हवा हळूहळू भरणारा व्हॉल्व्ह) लागेल, तोवर आर्म हाताने धरून हवा चालू करायची.

२९ नोव्हेंबर

निवड झाली: स्पर्धेच्या रोबोवर पाठीला पाठ. दादाचा सिलिंडर देखणा आहे, पण एकच आहे. आदल्या रात्री सील गेलं तर आणायचा कुठून? साधे ३२ बोअरचे सिलिंडर नागदेवीला कधीही मिळतात. दादाचा ग्रिपरच्या पुढच्या आवृत्तीसाठी राखून ठेवलाय, भार कमी असला की त्याच्यासारखा दुसरा नाही.

आज खालच्या फळीवर पेट्या ठेवत बसलो. टोकाला दोन-तीन मिमीच्या आत येतंय, ते पिनच्या ढिलाईचं. बॅटरी उतरवून पाहिली, दाब साडेतीनपर्यंत पडू दिला, उंची तीच.

राहिला आणीबाणीच्या लाल बटणाचा प्रश्न. वीज गेली की स्प्रिंगचा ५/२ आपोआप आत ओढतो, आर्म पेटीसकट खाली. दोन कॉइलचा जिथे आहे तिथे थांबतो. दोन्ही सिलिंडरना दोन कॉइलचे लावायचे ठरवलं. पण हवा काढून टाकली की तेही धरत नाहीत, म्हणून हवा काढायच्या स्लाइड व्हॉल्व्हशेजारी फ्रेमवर कागद चिकटवलाय: आर्मखाली ठोकळा, मगच हवा काढा. ठोकळा सागाचा आहे, कुणीतरी तो परत दाराला टेकू म्हणून नेतं. उद्या त्याला साखळी.

सोमवारी आणायचं: दोन कॉइलचे व्हॉल्व्ह २, सॉफ्ट स्टार्ट १, क्लेविस पिन घट्ट मापाच्या ४, पीयू ट्यूब निळी आणि काळी वेगवेगळी, म्हणजे कुठली छोट्याची आणि कुठली मोठ्याची हे रात्री दोन वाजतासुद्धा कळेल.